प्राइड जर्सी नाकारणारी हनीन: जायंट्स संघाचं एक प्रकरण

जानेवारी २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबने जाहीर केलं, की वेस्टर्न बुलडॉग्जविरुद्धच्या महिलांच्या सामन्यात त्यांची खेळाडू हनीन झ्रेइका खेळणार नाही. तिला दुखापत झाली नव्हती आणि निवडीत तिला डावललंही नव्हतं. तो सामना प्राइड सामना होता, म्हणजे समलिंगी, ट्रान्स आणि इतर लैंगिक अल्पसंख्य माणसांच्या सन्मानार्थ खेळला जाणारा. संघ त्या दिवशी इंद्रधनुष्याचे रंग असलेली खास जर्सी घालून उतरणार होता. धार्मिक श्रद्धेमुळे हनीन ती जर्सी घालणार नव्हती, आणि म्हणून ती मैदानावर नसणार होती.

पुढचे काही दिवस ऑस्ट्रेलियातले फुटबॉलचे चाहते याच विषयावर भांडत होते. आधी या खेळाशी ज्यांचा संबंध नव्हता असेही बरेच जण त्यात उतरले. प्रकरण तसं लहान होतं: एक खेळाडू, एक सामना, एक जर्सी. पण खेळात सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे समोर येण्याचे प्रसंग कमी असतात. म्हणूनच ते सविस्तर मांडतो आहे.

आधी खेळाविषयी थोडं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळं आहे. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायाने मारला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक बाजूला १८ खेळाडू असतात, महिलांच्या सामन्यात १६. महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली आणि जायंट्स त्या पहिल्या आठांतला एक. ३ फेब्रुवारी २०१७ ला मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्कवर कार्लटन आणि कॉलिंगवूड यांच्यात उद्घाटनाचा सामना झाला, तेव्हा २४,५६८ लोक आत आले आणि मग दरवाजे बंद करावे लागले. बायकांचं फुटबॉल कोण बघणार, असं म्हणणाऱ्यांना त्या संध्याकाळी उत्तर मिळालं. तरी पैसा तुटपुंजाच राहिला. २०२२ च्या सुरुवातीच्या हंगामात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या खेळाडूला साधारण वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत होते. बहुतेक जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळायच्या. साखळी फेरीत प्रत्येक संघाला मोजून दहा सामने. त्यातला एक सोडणं म्हणजे हंगामाचा दहावा हिस्सा सोडणं.

या लीगचं आणखी एक वैशिष्ट्य इथे महत्त्वाचं आहे. पुरुषांच्या लीगला शंभरहून अधिक वर्षं झाली, पण आपण सरळ लैंगिकतेचे नाही हे खेळत असताना उघडपणे सांगणारा एकही पुरुष खेळाडू हनीनच्या निर्णयाच्या वेळी नव्हता. निवृत्तीनंतर का होईना, हे जाहीरपणे बोलणारा पहिला माजी खेळाडू मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडलं. वेस्ट कोस्ट ईगल्सच्या मिच ब्राउनने तेव्हा आपण बायसेक्शुअल असल्याचं सांगितलं. महिलांच्या लीगमध्ये चित्र पहिल्या दिवसापासून उलटं होतं. कित्येक खेळाडू आपल्या मैत्रिणींसह, पत्नींसह उघडपणे वावरत होत्या, त्यांची लग्नं होत होती, काही जोडपी तर एकाच संघात किंवा समोरासमोरच्या संघांत खेळत होती. पुरुषांचा पहिला प्राइड सामना ऑगस्ट २०१६ मध्ये सेंट किल्डा आणि सिडनी स्वॉन्स यांच्यात झाला. त्यातला संदेश मैदानाबाहेरच्या जगासाठी होता: या, तुमचं स्वागत आहे. महिलांच्या लीगमध्ये २०१८ मध्ये कार्लटन आणि बुलडॉग्ज यांच्यात असा सामना झाला आणि २०२१ मध्ये पूर्ण फेरीच प्राइडची झाली. इथे मात्र ती जर्सी ड्रेसिंग रूममध्ये शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलीविषयी बोलत होती. तिच्याविषयी आणि तिच्या घराविषयी.

हनीनचा निर्णय संघातल्या इतरांना जड का गेला असेल, हे यावरून कळावं. बाहेरच्या चर्चेत ही बाजू फार थोड्यांनी ध्यानात घेतली.

आता हनीनची बाजू. ती लेबनीज मूळ असलेल्या कुटुंबातली, सिडनीच्या पश्चिम भागात वाढलेली. २०१९ मध्ये ती जायंट्सकडून पहिला सामना खेळली आणि महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळणारी पहिली ऑस्ट्रेलियन मुस्लिम स्त्री ठरली. ही पहिलेपणाची पाटी ज्या जमिनीवर उभी राहिली ती तयार करायला काही वर्षं लागली होती. ऑबर्न या उपनगरात, जिथे तुर्की वळणाची मोठी गॅलिपोली मशीद आहे, अमना कर्रा-हसन हिने २०११ मध्ये मुलींचा फुटबॉल क्लब उभारला. ज्या घरांतून मुलींना असल्या धसमुसळ्या खेळाला पाठवायची कुणाची छाती होत नव्हती, तिथल्या मुली त्यात येऊ लागल्या. आईवडिलांना समजवायचं, कपड्यांचा प्रश्न सोडवायचा, रमजानच्या वेळापत्रकाशी सरावाची सांगड घालायची. हे सगळं करत तो क्लब वाढला. हनीन त्याच वातावरणातून वर आली. पुरुषांच्या खेळात बाशर हूली हा धर्मनिष्ठ मुस्लिम खेळाडू रिचमंडकडून २०१७, २०१९ आणि २०२० ची विजेतेपदं जिंकून बसला होता आणि मुस्लिम मुलांसाठी त्याने मोठं काम उभं केलं होतं. मुलींसाठी असं दाखवायला हनीन होती. एकटीच.

जायंट्स हा क्लबही मुळात याच भागासाठी काढलेला. सिडनी हे रग्बीचं शहर आहे, ऑस्ट्रेलियन रूल्स तिथे पाहुणा खेळ. शहराच्या पश्चिमेला स्थलांतरितांची प्रचंड वस्ती आहे आणि ती जिंकल्याशिवाय खेळ वाढणार नाही, हे ओळखून लीगने २०१२ मध्ये या क्लबला पुरुषांच्या स्पर्धेत उतरवलं. पॅरामॅटा, वेस्टमीड, हॅरिस पार्क, ब्लॅकटाउन ही नावं सिडनीत नातेवाईक असलेल्या मराठी घरांना नवी नाहीत. हा तोच पट्टा. २०१७ च्या समलिंगी विवाहाच्या टपाली मतदानात देशभर ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला, पण नकार देणाऱ्या १७ मतदारसंघांपैकी १२ सिडनीच्या पश्चिम भागातले होते. ब्लॅक्सलँडमध्ये तर ७३.९ टक्के नकार होता. देशातला तो सर्वाधिक. म्हणजे ज्या वस्तीचं प्रतिनिधित्व करायचं असं क्लब म्हणतो, त्या वस्तीतल्या बहुसंख्यांचं मत आणि क्लबच्या स्वतःच्या महिला संघाचं रोजचं जगणं यांत मोठी दरी होती. ती दरी हनीनने निर्माण केली नव्हती. ती तिच्या अंगावरून गेली, इतकंच.

तिचं निवेदन शांत होतं. त्याचा आशय असा: खेळातली सर्वसमावेशकता मला महत्त्वाची वाटते, पहिली ऑस्ट्रेलियन मुस्लिम खेळाडू म्हणून माझ्या श्रद्धेचं आणि माझ्या समाजाचं प्रतिनिधित्व करण्याची जबाबदारी माझ्यावर आहे, लैंगिक कल काहीही असो, मी माणसांचा आदर करते, द्वेष पसरवला जात नसेल तोवर वेगवेगळ्या श्रद्धांच्या माणसांना आपापल्या श्रद्धेसह राहता यावं. क्लबनेही तिच्या निवडीचा मान राखत असल्याचं आणि तिच्या पाठीशी असल्याचं सांगितलं. त्याच वेळी प्राइड सामन्याविषयीची आपली बांधिलकी जराही सैल केली नाही. संघ जर्सी घालून खेळला. हनीन खेळली नाही.

चाहत्यांमध्ये जी वादावादी झाली तिच्यात काही बाजू पुन्हा पुन्हा येत होत्या. एका गटाचं म्हणणं, की ही दुटप्पी वागणूक आहे: गोऱ्या ख्रिस्ती खेळाडूने असं केलं असतं तर त्याला सोलून काढलं असतं. दुसऱ्यांना वाटत होतं, खेळात असली प्रतीकं आणायचीच कशाला. काही जण हनीनच्या बाजूने इतक्या उत्साहाने उभे राहिले, की त्यांना मुस्लिम मुलींविषयी आजवर कधी काही वाटलं होतं का असा प्रश्न पडावा. त्यांना फक्त प्राइडवर नेम धरायचा होता. उलट बाजूने इस्लामविषयीचा जुना द्वेष पुरोगामी भाषेचा अंगरखा घालून आला. आणि या गोंगाटात एक आवाज दबून जात होता: समलिंगी चाहत्यांचा. त्यांना दुखलं होतं आणि तरीही हनीनला कुणी शिव्या द्याव्यात असं त्यांना वाटत नव्हतं. ज्या थोड्या ठिकाणी ऑस्ट्रेलियात दोन बायका हात धरून बिनघोर बसू शकतात, त्यांपैकी एक म्हणजे महिला फुटबॉलचं मैदान. तिथेच, आपल्याच संघातल्या मुलीने, आपल्या दिवसाला नाही म्हणावं, हे लागणारच. हे दुखणं खरं मानल्याशिवाय या प्रकरणाविषयी प्रामाणिकपणे बोलता येत नाही असं मला वाटतं. हनीनचा हेतू चांगला होता म्हणून ते नाहीसं होत नाही.

काळही नाजूक होता. स्कॉट मॉरिसन सरकारचं धार्मिक भेदभावविषयक विधेयक तेव्हा ऐरणीवर होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते कनिष्ठ सभागृहात रात्रभराच्या चर्चेनंतर मंजूर झालं आणि सिनेटमध्ये न नेता सरकारने बाजूला ठेवलं. श्रद्धेचं स्वातंत्र्य आणि समलिंगी माणसांचे हक्क यांची टक्कर रोजच्या बातम्यांत होती. त्यात हनीनचं नाव आयतं सापडलं.

दुटप्पीपणाचा मुद्दा करणारे एक नाव हटकून घेत होते: इस्रायल फोलाऊ. गंमत नव्हे, पण हा खेळाडू एकेकाळी जायंट्सचाच होता. क्लबने आपल्या पहिल्या हंगामासाठी त्याला रग्बी लीग या रग्बीच्या एका प्रकारातून आणलं होतं, २०१२ मध्ये तो त्यांच्याकडून खेळला आणि मग रग्बी युनियन या दुसऱ्या प्रकाराकडे गेला. २०१९ मध्ये त्याने समाजमाध्यमावर समलिंगी आणि इतर पापी लोक नरकात जातील असा मजकूर टाकला आणि रग्बी ऑस्ट्रेलियाने त्याचा करार रद्द केला. त्याला शिक्षा आणि हिला पाठिंबा, असं का? उत्तर मला तरी सरळ दिसतं. फोलाऊने दुसऱ्यांविषयी निवाडा दिला आणि तो लाखोंच्या समोर दिला. हनीनने स्वतःपुरता निर्णय घेतला, दुसऱ्या कुणाविषयी वाईट बोलली नाही आणि त्याची किंमत स्वतः मोजली. श्रद्धा दोघांचीही मनापासूनची असेल. फरक श्रद्धेत नाही, वागण्यात आहे. संघाने वागण्याकडेच पाहायला हवं आणि जायंट्सने तसंच पाहिलं.

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या वाचकांना यापेक्षा जवळची उदाहरणं आठवतील. श्रद्धेमुळे हाशिम आमलाच्या जर्सीवर बिअर कंपनीचं चिन्ह नसायचं. २०१३ मध्ये फवाद अहमदला ऑस्ट्रेलियाने तशीच मोकळीक दिली, तेव्हा तिथल्या काही जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली होती. आणि हनीनच्या निर्णयाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १६ जानेवारी २०२२ ला होबार्टमध्ये ॲशेस मालिका संपली, तेव्हा शॅम्पेनच्या फवाऱ्यामुळे उस्मान ख्वाजा व्यासपीठावरून बाजूला झाल्याचं कर्णधार पॅट कमिन्सच्या लक्षात आलं. त्याने सहकाऱ्यांना बाटल्या खाली ठेवायला सांगितल्या आणि ख्वाजाला बोलावून घेतलं. ते दृश्य जगभर गाजलं. संघाने एका माणसासाठी थोडं थांबणं किती सोपं आणि किती मोठं असतं, ते सगळ्यांनी पाहिलं. मग हनीनसाठी का थांबलं नाही कुणी, तिला नेहमीची नारिंगी जर्सी घालून का खेळू दिलं नाही, असं अनेकांनी विचारलं.

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. बिअरचं चिन्ह काढलं तर कुणाचं काय जातं? कंपनीचं थोडं नुकसान होत असेल, पण माणूस म्हणून कुणी दुखावत नाही. शॅम्पेन पाच मिनिटं उशिरा उडवली तर कुणाचीच मान खाली जात नाही. प्राइड जर्सीच्या पलीकडे मात्र माणसं उभी आहेत. दारूला नको म्हणणं आणि शेजारणीच्या असण्याचा उत्सव करायला नको म्हणणं, यांना एकाच तागडीत टाकता येत नाही. दुसरीकडे, ज्या मुलीने ती जर्सी घालायची, तिच्या दृष्टीने ते नुसतं कापड नसतं. तिच्या अंगावरून तिच्या नावाने एक विधान केलं जातं आणि तिच्या श्रद्धेप्रमाणे ते तिचं विधान नाही. दुसऱ्याचा आदर करणं आणि दुसऱ्याच्या बाजूने जाहीर साक्ष देणं या दोन गोष्टी आहेत. पहिली प्रत्येकाकडून मागता येते, तो संघात राहण्याचा पहिला नियम असावा. दुसरी जबरदस्तीने घेतली तर तिला काही मोल उरत नाही.

मग नेहमीच्या जर्सीचा मार्ग? मला तो चुकीचा वाटतो. पंधरा जणी इंद्रधनुष्यात आणि एक वेगळी, असं दृश्य असतं तर सामनाभर कॅमेरा कुठे राहिला असता हे सांगायला नको. हनीनने चेंडू हाती घेतला की चर्चा, पडली की चर्चा. जी मुलगी शांतपणे बाजूला होऊ पाहत होती तिचा नकार शेवटपर्यंत मैदानभर मिरवला गेला असता. आणि तिच्या सहकाऱ्यांना आपल्याच दिवशी आपल्या शेजारी तो नकार धावताना बघावा लागला असता. बाहेर बसणं हा त्यातला सर्वांत कमी जखमा करणारा मार्ग होता.

काही चाहत्यांची सूचना होती, की जर्सी सगळ्यांनाच ऐच्छिक करावी. ऐकायला हे सगळ्यांत समंजस वाटतं. पण एका संघाच्या आत काय होईल ते पाहा. सामन्याच्या दिवशी हजेरीपटच तयार होईल: कोणी घातली, कोणी नाही. जिने एरवी कधी बोलून दाखवलं नाही तिलाही त्या दिवशी बाजू घ्यावी लागेल. समलिंगी खेळाडूला आपल्या वीस सहकाऱ्यांपैकी किती जणी आपल्याबरोबर आहेत हे कपड्यांवरून मोजत बसावं लागेल. एका मुलीच्या सोयीसाठी साऱ्या संघाची अशी मोजदाद करणं क्रूर ठरलं असतं. नियम सगळ्यांना एक आणि ज्याला तो पाळणं शक्य नाही त्याला मानाने बाजूला होण्याची मुभा, हेच बरं.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. सगळ्यांना सामावून घेण्याचा दिवस आणि त्याच दिवशी संघातली एकमेव मुस्लिम मुलगी दरवेळी बाहेर, याला सामावून घेणं म्हणायचं का? पुढच्या प्राइड सामन्यांतही हनीन बाहेरच बसली, म्हणजे हा एकदाच घडून गेलेला प्रसंग राहिला नाही. खरं आहे, हे बोचतं. पण दुसरा प्रत्येक पर्याय हा भार तिच्याकडून उचलून इतर मुलींच्या खांद्यावर ठेवतो आणि त्यांनी तो घरी, शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर आधीच पुष्कळ वाहिलेला असतो. श्रद्धेपायी ज्याला काही सोडायचं आहे त्याने स्वतःचं सोडावं. हनीनने तेच केलं आणि म्हणूनच तिच्याशी पूर्ण असहमत असलेल्या अनेकांनाही तिच्याविषयी आदर वाटला.

जायंट्सचं वागणं किती शहाणपणाचं होतं हे सहा महिन्यांनी कळलं. जुलै २०२२ मध्ये रग्बी लीगमधल्या मॅनली सी ईगल्स या सिडनीच्याच क्लबने इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांची जर्सी काढली आणि ती आधी खेळाडूंशी बोलून काढायला हवी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सामन्याला तीन दिवस उरले असताना गोष्ट फुटली. सात खेळाडूंनी धार्मिक आणि सांस्कृतिक कारणांनी नकार दिला. त्यांत बहुतेक पॅसिफिक बेटांतून आलेल्या ख्रिस्ती घरांतले होते. प्रशिक्षक डेस हॅस्लर आणि कर्णधार डॅली चेरी-इव्हान्स यांना पत्रकारांसमोर बसावं लागलं. हॅस्लरने समलिंगी समाजाची माफी मागितली आणि आपल्या खेळाडूंचीही. २८ जुलैला सात जणांविना मॅनली सिडनी रूस्टर्सकडून २०-१० असा हरला आणि मग उरलेल्या हंगामात एकही सामना जिंकला नाही. ज्या इयान रॉबर्ट्सने १९९५ मध्ये, याच क्लबचा खेळाडू असताना, आपण समलिंगी असल्याचं जाहीर करून रग्बी लीगमध्ये इतिहास घडवला, त्याच्या क्लबात हे व्हावं याचं वाईट वाटतं. सातही जण दुष्ट होते असं नाही आणि जर्सीमागची इच्छाही चांगलीच होती. कुणी कुणाशी वेळेवर बोललं नाही, एवढंच झालं. जायंट्समध्ये बोलणं आधी झालं, निवेदनं नंतर आली.

सामन्याआधीच्या त्या बोलण्यात काय काय झालं असेल, कोण रडलं असेल, कोण उठून गेलं असेल, याविषयी तर्क करणं मला योग्य वाटत नाही. ते त्या मुलींचं आहे. चाहत्यांनीही ते मागू नये. त्या काळात तिच्या सहकाऱ्यांनी जाहीरपणे काहीतरी बोलावं, निषेध तरी करावा नाहीतर मिठी तरी मारावी, असा आग्रह धरणारे बरेच होते. संघ ही काही मालिका नव्हे, की प्रत्येक भागात प्रेक्षकांना भावना दाखवाव्यात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी एक जर्सी वादात आली आणि मला वाटतं हनीनविषयी मत ठरवण्याआधी प्रत्येकाने ती आठवावी. नेटबॉलच्या राष्ट्रीय संघाला हॅनकॉक प्रॉस्पेक्टिंग या खाण कंपनीने दीड कोटी डॉलरचं प्रायोजकत्व दिलं होतं. कंपनीचे संस्थापक लँग हॅनकॉक यांनी १९८४ मध्ये आदिवासींना नपुंसक करण्याविषयी भयंकर उद्गार काढले होते. संघात नव्याने आलेली डॉनेल वॉलम ही नूंगार आदिवासी खेळाडू. ते चिन्ह अंगावर घ्यायला ती कचरली, तिने सवलत मागितली. प्रकरण चिघळलं, शेवटी कंपनीने पैसे मागे घेतले. काही दिवसांनी वॉलम इंग्लंडविरुद्ध पहिला सामना खेळली आणि अखेरच्या क्षणी विजयाचा गोल तिनेच केला. हनीनला शिव्या देणाऱ्यांपैकी पुष्कळ जण वॉलमच्या पाठीशी होते आणि हनीनचा जयघोष करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण वॉलमला कृतघ्न म्हणत होते. दोन्ही प्रकरणं सारखी आहेत असं मी म्हणत नाही. वॉलम तिच्या लोकांना संपवू पाहणाऱ्या विचाराला नको म्हणत होती, तर हनीनच्या नकाराने तिच्याच काही सहकारी दुखावत होत्या. पण सदसद्विवेकाचा मान आपल्याला पटणाऱ्या कारणापुरताच राखायचा असेल तर तो मान नव्हे, ती केवळ सहमती आहे.

या साऱ्या चर्चेत मला सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. सगळे असं बोलत होते, जणू एका बाजूला मुस्लिम आहेत आणि दुसऱ्या बाजूला समलिंगी. ब्लॅक्सलँडमध्ये ७३.९ टक्के नकार होता, म्हणजे चारातल्या एकाहून अधिक मतं होकाराची होती. ती माणसंही तिथेच राहतात, त्याच बेकरीतून पाव घेतात, त्याच मशिदीसमोरून जातात, काही जण त्याच मशिदीत जातात. ऑबर्नच्या मैदानावर चेंडूमागे धावणाऱ्या मुलींमध्ये एखादी अशी असणारच, जिला मुलीच आवडतात आणि जिने हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिला फुटबॉल खेळायची परवानगी मिळाली, कारण टीव्हीवर हनीन दिसली आणि वडिलांची भीड चेपली. आणि आपण असे असूनही या खेळात आपल्याला जागा आहे हे तिला कळलं, कारण त्याच संघाने इंद्रधनुष्याची जर्सी घातली. तिला दोन्ही हवं आहे. यातलं एक काढून घ्या म्हणणारे तिच्या वाट्याचं अर्धं काढून घेतात, मग ते कुठल्याही बाजूचे असोत.

क्लबला अजून करण्यासारखं पुष्कळ आहे. प्राइड जर्सीचं चित्र ठरवताना संघातल्या समलिंगी खेळाडूंचं म्हणणं सर्वांत वरचं असावं, आणि ते ठरवताना हनीनसारख्या मुलीही त्या टेबलाशी असाव्यात. नकार देण्यासाठी नव्हे, तर आपल्या सहकाऱ्यांना ते का हवं आहे हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी. प्राइड सामन्याची घोषणा करताना क्लबने समलिंगी मुस्लिम माणसांसाठी काम करणाऱ्यांना बोलवावं. ज्या खेळाडूला त्या दिवशी बाहेर बसायचं आहे तिच्यावर चाहत्यांनी तुटून पडू नये म्हणून आधीच स्पष्ट शब्दांत बजावावं, आणि तिचा झेंडा करून प्राइडवर हल्ला चढवणाऱ्यांनाही त्याच शब्दांत दूर ठेवावं. यांतलं शेवटचं क्लबने बऱ्याच अंशी केलं. पहिल्या दोन गोष्टी एका निवेदनाने होत नाहीत, त्यांना हंगाम लागतात.

चाहत्यांना एवढंच सांगायचं आहे: बाकावर बसलेल्या हनीनला पाहून टाळ्या वाजवायच्या असतील तर मैदानावर इंद्रधनुष्य घालून धावणाऱ्या तिच्या सहकाऱ्यांसाठीही वाजवा, आणि उलटही. प्राइड सामना संपला, की पुढच्या आठवड्यात त्या एकत्रच खेळायच्या. हनीन त्यानंतरचे हंगामही जायंट्सकडूनच खेळली, आणि महिलांच्या लीगमधली प्राइड फेरीही चालूच राहिली.